मैनाकडे बसायला

मोठाई मला मयतीच्या घरी पहिल्यांदा घेऊन गेली तेव्हा तिने माझ्या हातात राखेचं टोपलं दिलं आणि मागच्या अंगणातला भांड्यांचा ढीग दाखवला. "घास," म्हणाली, आणि स्वतः पितळेची गुंडी घेऊन विहिरीवर निघून गेली. मी धुतलेलं पातळ नेसून आले होते. वाटेत चार वाक्यं मनात जुळवून आणली होती. त्या घरची म्हातारी वारली होती, तिच्या सुना आत रडत होत्या, त्यांच्याजवळ बसून, त्यांचा हात हातात घेऊन मी काय काय बोलणार होते! आणि इथे मी कोपरापर्यंत राख माखून लोकांच्या कढया घासत होते. माझी अशी काही चिडचिड झाली की एका गंज-पातेल्याचा कानच वाकवून ठेवला. परत येताना मोठाईला विचारलं, "तू त्या बायाईसंग बोलली का काई?" ती म्हणाली, "नाई." "मंग गेली कायले होती?" तर म्हणे, "पानी नोहोतं ना भरलेलं." आता या बाईपुढे डोकं आपटावं की काय करावं, सांगा.

मोठाई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती आमच्याच घरी, आईच्या बरोबरीने राबत राहिली. आमचं गाव अड्याळहून नदीकडे. आता अर्ध्याच्या वर गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे आणि आम्ही सारे पुनर्वसनाच्या सरळ रेघेतल्या गल्ल्यांमध्ये राहतो. तिथे सगळी घरं सारखी दिसतात म्हणून पाहुणा हमखास शेजाऱ्याकडे शिरतो. पण तेव्हाचं आमचं घर एका नजरेत ओळखू यायचं, कारण मोठाई ओट्यावर बसून कुणाला ना कुणाला रागावत असायची. पहाटे पहिला आवाज तिच्या खोकल्याचा, मग गायीच्या गळ्यातल्या घंटीचा, मग बाबांच्या रेडिओची खरखर आणि आईचं तांदूळ धुणं. आमच्याकडे तीन वेळा भात. सकाळी शिळ्या भातावर ताक आणि जवसाची चटणी, दुपारी भात आणि लाखोळीच्या दाळीचं वरण, संध्याकाळी पुन्हा भात, सोबत वांगं असेल तर वांगं. पोळी कुणी पाहुणा आला तरच. या सगळ्या धबडग्यात गल्लीतून कुणीतरी हाक मारायचं, "मोठाई, अमक्याच्या घरी झालं वं." की हातातले तांदूळ तसेच सुपात सोडून ती उठायची. आई मागून कुरकुरायची. मोठाई ऐकायची नाही.

आमच्याकडे याला 'बसायला जाणं' म्हणतात. दुःखाच्या घरी बसायला जायचं. सगळेच जातात, अर्धा तास बसतात, गेलेल्याचे दोन गुण सांगतात आणि निघतात. मोठाई मात्र बसत नसे. ती पाणी भरायची, बकरी हरवली असेल तर बांधून यायची, कुणाचं लेकरू खांद्यावर टाकून फेऱ्या मारायची, आणि दोनचार दिवसांनी, सगळी माणसं पांगल्यावर, ज्या बाईचं माणूस गेलं तिच्याजवळ पाट घेऊन तांदूळ निवडायला लागायची. पाच गावांत तिचं नाव होतं. आपल्यानंतर कुणीतरी हे करायला पाहिजे असं तिने ठरवलं, आणि त्यासाठी घरातली एकच मुलगी रिकामी होती, ती मी, कुसुम.

मी रिकामी होते हे मला मान्य नव्हतं. मी मॅट्रिक झाले होते, वक्तृत्वात ढाल मिळवली होती, आणि आमच्या गावच्या नत्थूबुवांच्या भजनी मंडळात पोथी वाचायला मलाच बसवत. बुवांची वाणी रसाळ होती, हे आजही मी नाकारत नाही. मयतीच्या घरी टाळ वाजले की बायांचे डोळे पुसले जायचे. मी त्यांची वाक्यं एका वहीत उतरवून ठेवायचे. देह मातीचा आहे, आत्म्याला मरण नाही, आपण जितकं रडू तितकी मृताची वाट ओली होते आणि त्याचा पाय घसरतो. हे शेवटचं तर मला फारच आवडायचं. मोठाईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "कोनाचा पाय घसरते?" मी म्हटलं, "मेलेल्याचा." ती म्हणाली, "त्याले आता कुठी जायाची घाई हाये?" आणि सुपातले खडे फेकून दिले. मला इतका संताप आला! या अडाणी बाईला काय कळणार म्हणून मी वही उचलून आत गेले.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी एका शिबिरात मला बोलावलं होतं, संकटातल्या माणसाला मानसिक आणि आध्यात्मिक आधार कसा द्यायचा हे तरुण मुलामुलींना सांगायला. तिथली बाई फार गोड होती. पडद्यावर एकामागून एक चित्रं, बाण, गोल. मला म्हणाली, "मावशी, तुमच्या अनुभवातून पाच स्टेप्स सांगा ना." मी म्हटलं, बाई, पहिली स्टेप म्हणजे तोंड बंद. ती हसली, तिला वाटलं मी गंमत केली. मग पुढच्या चित्राकडे गेली. हल्ली तर कुणी गेल्याचं कळलं की फोनवर जोडलेल्या हातांची रांग लागते, खाली फुलं, खाली 'भावपूर्ण'. ज्याच्या घरचं गेलं त्याने ते हात मोजत बसायचे की काय, देव जाणे. पण मी कुणाला नावं ठेवू? वहीवाली मीच होते.

तर मैना. ती बपेऱ्याकडची, पार मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या गावातून आमच्या गावात दिलेली. सासरी मासेमारी. नवरा दशरथ, उंच, काळासावळा, हसला की हिरड्या दिसायच्या. त्याचा डोंगा, म्हणजे लहान होडी होती, नदीत आणि तलावात दोन्हीकडे जाळं टाकायचा. मैना आमच्या दारी झिंगे विकायला यायची आणि रोवण्याच्या दिवसांत आमच्याच बांधीत धान रोवायला. दोन हंगाम आम्ही एका ओळीत, चिखलात गुडघाभर उभ्या राहून रोवणा केला होता. ती माझ्यापेक्षा वर्षाने मोठी, पण थट्टेखोर इतकी की बाबांना लपून हसावं लागायचं. त्या वर्षी तिला पहिली मुलगी झाली होती, दोन महिन्यांची.

श्रावणात नदी भरून वाहत होती. दशरथ सकाळी जाळं काढायला गेला आणि दुपारी त्याचा डोंगा खालच्या अंगाला बाभळीत उलटा अडकलेला सापडला. दशरथ नाही. गावचे सगळे डोंगेवाले निघाले, बांबू घेऊन काठाकाठाने शोधू लागले. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गल्लीत सगळे 'होता' असंच बोलू लागले. दशरथ असा होता, तसा होता. आणि नेमकी त्याच आठवड्यात मोठाई बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरली होती. पाय सुजून भोपळा झालेला. खाटेवर पडून ती सगळ्यांना शिव्या घालत होती. हाक आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी तयारच होते.

काय घडलं ते कळायला आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. घरात मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही. मयत उचलून नेऊन, सगळं आटोपून लोक परत आले की शेजारचे, भाऊबंद आपल्या घरून वरण-भात घेऊन येतात आणि घरच्यांना बळेच पहिला घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. तो खाल्ला म्हणजे माणूस गेला हे पोटाने मान्य केलं, असं समजायचं. मी जाताना मैनाने दोन दिवस काही खाल्लं नाही असं कळलं, तिच्या अंगावरचं दूध आटत चाललं होतं आणि पोरगी रडून रडून निळी पडत होती. म्हणून मी हुशार बाईने आईकडून वरण-भाताचा डबा भरून घेतला. हा कडू घास ठरेल हे आईच्याही लक्षात आलं नाही. आणि मोठाई आत खाटेवर, तिला मी विचारलंच नाही.

मैनाच्या झोपडीत पंधरावीस बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. मैना मधोमध, पोरगी मांडीवर, डोळे कोरडे ठाक. तिच्या चुलत सासूने, सोनाकाकूने, आदल्या दिवशीच चुलीत तांब्याभर पाणी ओतून ती विझवून टाकली होती. राखेचा काळा चिखल तसाच पडला होता. मी मैनासमोर बसले, तिचा हात हातात घेतला, जसा मी कधीपासून घ्यायचं ठरवलं होतं. आणि सुरू झाले. देह मातीचा आहे मैना. आत्म्याला मरण नाही. बाया माना हलवू लागल्या, एक दोघींनी पदर डोळ्याला लावले, आणि लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटत होतं. मी डबा उघडला, घास केला, तिच्या तोंडापाशी नेला.

मैनाने घासाकडे पाहिलं. "हे काय आनलं?"

"वरन-भात. दोन घास खा. पोट्टीसाठी खा."

"कोनाच्या घरचा?"

"आमच्या."

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिने माझ्या हाताला असा फटका मारला की भात बायांच्या अंगावर उडाला, आणि डबा उचलून माझ्या छातीवर फेकला. "कडू घास आनला माह्या घरी? कोनाचा देह मातीचा हाये वं? तू पाह्यला का? कुठी हाये, दाखव मले! चाल, दाखव!" पोरगी किंचाळायला लागली. सोनाकाकू म्हणाली, "डोकं फिरलं बिचारीचं." मैना तिच्यावरही धावली. मी उठले आणि केसांतून वरण गळत असताना भर दुपारी सगळ्या गावादेखत घरी आले. वाटेत दोन पोरं हसली. त्यांना मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर मी जे सुरू केलं ते थांबेनाच. मी तिच्या भल्यासाठी गेले, माझं काय अडलं होतं, मरू दे, उपाशी राहू दे, या बायांना चांगलं सांगितलेलं पचत नाही. मोठाई खाटेवरून ऐकत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, "डब्यात काय होतं?" मी सांगितलं. ती उठून बसली, सुजलेल्या पायासकट, आणि इतकी ओरडली की गाय दचकली.

"तिच्या घरी अजून कोनी मेलं नाई! तू जाऊन मारून आली!"

"सारं गाव म्हनते मेला म्हनून!"

"गाव म्हनते. मैना म्हनते का?"

"मंग मी काय करू? दोन महिन्याची पोट्टी भुकेनं मरून राह्यली अन् तू मलेच बोलून राह्यली!"

"मले कायले पुसतेस? मले का समदं मालूम हाये? जिचं हाये तिले पूस ना, रांडके!"

एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मला वाटलं होतं ती काहीतरी युक्ती सांगेल. इतकी वर्षं पाच गावांत फिरून या बाईपाशी एक धड वाक्य नव्हतं! मी विहिरीवर जाऊन केस धुतले. रडले, खरं तर रागानेच. केस वाळेपर्यंत ते 'तू मारून आली' डोक्यात घुमत राहिलं. मग परत निघाले. कुणी फार मोठं मन वगैरे समजू नका, मी पाय आपटत गेले.

बाया तशाच बसल्या होत्या. मी दारात उभी राहिले, कारण आत जायची हिंमत नव्हती. म्हटलं, "मैना, चुकलं माह्यं. तुले काय पायजे?"

तिने विझलेल्या चुलीकडे बोट केलं. मग म्हणाली, "चुला पेटवाचा हाये."

बस, एवढंच. दोन दिवस ती हेच सांगत होती, आणि पंधरावीस बायांपैकी कुणी ऐकत नव्हतं. दशरथ परत येईल तर त्याला उपाशी बसवणार का, म्हणत होती. आणि या बाया तिला समजावत होत्या, धरून बसवत होत्या, काडीपेटी लपवत होत्या. सोनाकाकू लगेच उठून दारात आडवी झाली. "चुला नाई पेटत वं अशा घरात. रीतीले आग लावतेस काय?"

माझं सकाळपासूनचं सगळं तिच्यावर निघालं. "रीत मयतीची हाये ना काकू? मयत कुठी हाये? आना, दाखवा, मी माह्या हातानं चुला इझवतो!"

"तुले काय समजते, तुह्यं लगन तरी झालं का?"

"चुला पेटवाले लगन कायले लागते?"

इतक्यात नत्थूबुवा आले. त्यांनी ठरवून ठेवलं होतं, उद्यापर्यंत दशरथ नाही सापडला तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि तो जाळून सगळे विधी उरकायचे, म्हणजे जीव अधांतरी राहायला नको. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या घरातलंच माणूस बिघडलं. शांतपणे म्हणाले, "पोरी, तिला खोटी आशा लावू नको. हे पाप आहे." बुवांना मी कधी उलट बोलले नव्हते. पण पोरगी आत रडत होती, आता तिचा आवाजही फुटत नव्हता, नुसती चिरचिर. म्हटलं, "बुवा, आशा मी नाई लावत. इस्तो लावतो. तुमी नदीवर जा, तिकडे मानसं दोन दिवसापासून पान्यात उतरून राह्यली, त्यायले चाय नेऊन द्या." बुवांचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यानंतर पोथी वाचायला मला कधीच बोलावणं आलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

लाकडं ओली, काडीपेटी सादळलेली. शेजारी विस्तव मागायला गेले तर तीन घरांनी दार लावून घेतलं, अशा घरच्या चुलीसाठी आपल्या चुलीतला निखारा कोण देणार? शेवटी आमच्या घरी गेले आणि फुटक्या खापरात चार निखारे घेतले. आई आडवी आली. "मयतीच्या घरी आपला इस्तो नेतेस? अक्कल हाये का?" खाटेवरून, भिंतीकडे तोंड करूनच, मोठाई म्हणाली, "मयतीचं घर नोहे ते. जाऊ दे तिले." पावसाची भुरभुर होती. खापरावर पदर धरून धावले, पदराला भोक पडलं.

मैनाने चूल स्वतः साफ केली. ओला चिखल हाताने काढला, नवी राख पसरली, मी फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल केले. चूल पेटली तशा बाया एकेक करून उठल्या आणि पाप लागेल या भीतीने निघून गेल्या. ते एक बरं झालं, त्या एवढ्याशा घरात जरा हवा आली. मैनाने भात टाकला. छपराला लटकवलेल्या पिशवीतून सुके झिंगे काढले, वांगी चिरली. कशी करायची ते मला सांगत होती, जणू मी तिच्याकडे स्वयंपाक शिकायला आले होते. "झिंगे आधी भाजाचे, मंग धुवाचे. तो धुतलेले नाई भाजू देत, वास उडते म्हनते." 'म्हनते', 'देत नाई', कुठेच 'होता' नाही. सगळं आताचंच. मी हूं हूं करत होते. मनात एकच धाकधूक, की आता ही मला विचारणार.

आणि तिने विचारलंच. तीन ताटं वाढली. त्याचं वेगळं, वर दुसरं ताट झाकून ठेवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "येईन का वं तो?"

माझी वही भरलेली होती. पण त्यात याचं उत्तर नव्हतं. येईल म्हणावं तर मीच खोटी, आणि नाही म्हणावं तर पुन्हा मारायला मीच. मला इतकी चीड आली, त्या प्रश्नाची, नदीची, देवाची, मोठाईची, की ती पाय मोडून बसली आणि मला इथे टाकलं. मग जे खरं होतं तेच तोंडातून आलं. "मले नाई मालूम, मैना."

तिने स्वतःचं ताट पुढे ओढलं. "मलेबी नाई मालूम," म्हणाली. आणि जेवायला बसली.

सुरुवातीला एकेक शीत चिवडत होती. मग भूक जागी झाली आणि ती अशी जेवली की मी पाहत राहिले. ताट रिकामं झालं, मी आणखी भात वाढला, वर झिंग्या-वांग्याचा रस्सा ओतला, तिने तोही संपवला, बोटं चाटली. पाणी प्यायली. भिंतीला टेकली, पोरीला पदराखाली घेतलं. पोरगी आधी नुसती चिडून तोंड बाजूला करत होती, मग लागली. थोड्या वेळाने तिची चिरचिर थांबली आणि ती झोपली. मी ओट्यावर येऊन बसले. मला वाटलं, जमलं. मला हे काम आलं. किती मूर्ख असावं माणसाने!

दुसऱ्या दिवशी सकाळ-दुपार दोन्ही वेळा मी गेले. दोन्ही वेळा तिने स्वयंपाक केला, त्याचं ताट झाकलं, आम्ही जेवलो, त्याचं उरलेलं कुत्र्याला गेलं. पुतळ्याचं तिने ठाम नाही म्हटलं आणि बुवांना दारातूनच परत पाठवलं. गावात माझं नाव झालं होतं, कुसुमनं त्या बाईले याड लावलं. चौथ्या दिवशी सकाळी खालच्या गावाजवळ वेलींच्या जाळीत दशरथ सापडला. आणायला गेलेल्या माणसांनी मैनाला जवळ येऊ दिलं नाही, अवस्थाच तशी होती. नदीच्या काठावरच सगळं करून घेतलं.

मी गेले तेव्हा दुपार कलत होती. बाया पुन्हा भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्यासाठी कुणी सरकलं नाही. सोनाकाकू म्हणाली, "आली, चुला पेटवनारी." मैना कोपऱ्यात होती. रडली नव्हती. तिने मला पाहिलं आणि उभी राहिली. मला वाटलं ती गळ्यात पडेल. ती सरळ माझ्यासमोर आली आणि इतक्या खालच्या आवाजात बोलली की बायांनाही ऐकू गेलं नसावं.

"तो पान्यात होता. चारही दिवस पान्यातच होता. अन् मी जेवली वं. दोन खेपा भात घेतला. झिंगे घालून. बोटं चाटली."

मी काय काय सांगू शकले असते! तुला माहीत नव्हतं. पोरीसाठी जेवलीस. त्यानेही हेच म्हटलं असतं. तिन्ही वाक्यं ओठापर्यंत आली, आणि आजही कुणी असं काही बोललं की तीच वाक्यं पहिल्यांदा येतात, इतकी वर्षं झाली तरी हरामखोर सुटत नाहीत. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला हे कुणी खोडून काढलेलं नको होतं. ती जेवली होती. खरंच होतं ते.

"हो," मी म्हटलं, "जेवली तू. दुसऱ्या खेपेले मीच वाढला."

तिने मला मारलं. दोन्ही मुठींनी, खांद्यावर, छातीवर, तोंडावर, दात ओठाला लागून रक्त आलं. बाया धरायला उठल्या, मी हाताने थांबवलं. मारता मारता ती खाली बसली, माझ्या पायांना धरून, आणि मग तिच्या घशातून तो आवाज निघाला, ज्याची सगळं गाव चार दिवस वाट पाहत होतं. मीही खाली बसले. दिवस बुडेपर्यंत ती रडली, आणि मी एक शब्द बोलले नाही.